ताऱ्यांना झूम नको असतो

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

कवी माणसाला कॅमेऱ्यावर बोलायला बोलावलं याचं तुम्हाला जेवढं नवल वाटेल तेवढंच मलाही वाटलं. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. भौतिकशास्त्राशी माझा संबंध आला तो शाळेत, तोही पास होण्यापुरता. ताऱ्यांशी नातं कवितेतलं, म्हणजे फुकटचं. कवितेत तारा आणायला खर्च येत नाही. फोटोत आणायचा तर येतो. तो किती येतो आणि चुकीच्या जागी कसा जातो, हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे. तेवढ्याच अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

त्याचं असं झालं. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या फार जवळ आले होते. दोघांत अंतर होतं अंशाच्या एक दशांश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढं. टाळेबंदी सैल झाली होती, तरी माणसं घराबाहेर पडायला बिचकत होती. दहिसरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्या दिवशी बरीच मंडळी जमली. आमची धाकटी तेव्हा अकरावीत. तिनं फोनवर फोटो काढला आणि मला दाखवला. फोटोत एकच पांढरा डाग. "अब्बा, डोळ्यांना दोन दिसतात आणि फोनला एकच, असं का?" मी म्हटलं, फोन साधा आहे म्हणून. बापाला उत्तर येत नसलं की तो असंच काहीतरी सांगतो.

पुढे ती बी.एस्सी.ला गेली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटाबरोबर वांगणीला रात्रभर राहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, मला कॅमेरा पाहिजे.

घरात पैसे होते, पण ते माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहासाठी बाजूला ठेवलेले होते. साठ हजार. मराठीत कवितासंग्रह कोणाच्या पैशानं निघतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं पलंगाखाली बोट दाखवलं. तिथं माझ्या पहिल्या संग्रहाचे गठ्ठे अजून आहेत. "कॅमेरा निदान पलंगाखाली तरी राहणार नाही," ती म्हणाली. या युक्तिवादाला उत्तर नव्हतं.

दिवाळीच्या आधी, २०२२ साली, आम्ही बापलेक फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत गेलो. मुंबईत फोटोग्राफीच्या सामानाची जुनी पेठ म्हणजे ही गल्ली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक दुकानदाराची कमी आणि माझ्या प्रश्नाची जास्त होती. मी विचारलं, "सर्वांत जास्त झूम कशात आहे?" तारे लांब आहेत, लांबचं जवळ आणायचं तर झूम पाहिजे, इतकं सरळ माझं गणित. दुकानदारानं एक मजबूत दिसणारा कॅमेरा काढला, काउंटरवरून समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची पाटी वाचून दाखवली आणि मी अठ्ठावीस हजार मोजले. मुलगी दोनदा म्हणाली, अब्बा, जरा थांबू या. मी थांबलो नाही.

त्या रात्री गच्चीवरून चंद्राचा फोटो काढला. काय सांगू! विवरं, डोंगरांच्या सावल्या, सगळं. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. पुढच्या अमावास्येला तोच कॅमेरा वांगणीला नेला. मृग नक्षत्रावर रोखला, आणि हाती आली ती रांगोळी सांडल्यासारखी नुसती कचकच.

हे का झालं, ते समजून घेतलं की निम्मा विषय संपतो.

पावसाळ्यात गळक्या छपराखाली आपण भांडी ठेवतो. वाटी ठेवली तर थोडं पाणी जमतं, परात ठेवली तर पुष्कळ. पाऊस तोच. कॅमेऱ्यात आत एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. प्रकाश पडतो तो तिच्यावर. ही चकती म्हणजे आपलं भांडं. जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असतो त्याला 'फुल फ्रेम' म्हणतात. तो ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. त्याखालोखाल 'एपीएस-सी', साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा, म्हणजे पावणेचारशेच्या आसपास. मग 'मायक्रो फोर थर्ड्स', सव्वादोनशे. आणि माझ्या त्या भरभक्कम झूमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर? सव्वासहा बाय साडेचार. अठ्ठावीस-एकोणतीस चौरस मिलिमीटर. परातीच्या गोष्टी चालल्या होत्या आणि मी चमचा विकत घेतला होता. बाहेरून कॅमेरा केवढा आहे यावरून आतलं भांडं कळत नाही. बॉक्सवर बारीक अक्षरात सेन्सरचं माप असतं. तेच आधी वाचायचं.

मग चंद्र इतका छान कसा आला? कारण चंद्र अंधारात दिसत असला तरी तो उन्हात असलेला दगड आहे. त्याच्यावर भर दुपार असते. सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागातही फोटो निघतो. तिथं प्रकाशाची टंचाई नाही, आकाराची आहे. आकाशात चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश. दोनशे मिलिमीटरची लेन्स लावली तरी सेन्सरवर त्याची प्रतिमा दोन मिलिमीटरही भरत नाही. म्हणून चंद्राला झूम पाहिजेच. ताऱ्याचं उलटं. तारा कितीही वाढवा, तो टिंबच राहतो. झूम वाढवला की बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत प्रकाश आत सोडणारी खिडकी बारीक होते. आणि आकाशगंगा तर या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत पसरलेली. तिच्यासाठी लांबचं नव्हे, रुंद बघणारी लेन्स लागते.

तो पहिला कॅमेरा आम्ही विकला नाही, हे इथंच सांगून टाकतो. २१ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी, रमजान ईदच्या आदल्या दिवशी, आमच्या गच्चीवर त्याच कॅमेऱ्याच्या पडद्यात चाळीसएक माणसांनी ईदचा चंद्र पाहिला. ज्यांना नुसत्या डोळ्यांनी कोर सापडत नव्हती ते म्हातारे लोक पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे, हां, ही काय! तेव्हा मला अठ्ठावीस हजारांचं दुःख थोडं कमी झालं.

आता लेन्स. लेन्सवर 'एफ'च्या पुढे आकडा असतो, १.८, २.८, ३.५, ५.६ असा. हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. आणि तो साधा हिशेबानं वाढत नाही. एफ २.८ ची लेन्स ५.६ पेक्षा दुप्पट नव्हे, चौपट प्रकाश देते. पण ताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लेन्सचं भोक प्रत्यक्षात किती मिलिमीटरचं आहे ते काढता येतं. लेन्सची लांबी भागिले एफचा आकडा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी नेहमीची १८-५५ ची लेन्स १८ वर एफ ३.५ असते, म्हणजे भोक पाच मिलिमीटरचं. माझ्या वयाच्या माणसाच्या बाहुलीएवढंच. पस्तीसची एफ १.८ लेन्स घ्या, भोक एकोणीस मिलिमीटर. पन्नासची १.८ घ्या, जवळजवळ अठ्ठावीस. ताऱ्याचे किरण जेवढ्या मोठ्या भोकातून आत येतील तेवढे मंद तारे उमटतील. आणि गंमत अशी की या पस्तीसच्या आणि पन्नासच्या, झूम नसलेल्या लेन्स बाजारात सर्वांत स्वस्त असतात. दुकानदार त्या स्वतःहून दाखवत नाहीत. रुंद आकाश हवं असेल आणि थोडे जास्त पैसे असतील तर सॅमयांगची १४ मिलिमीटर एफ २.८ किंवा छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी टोकिनाची ११-१६ एफ २.८ या हौशी लोकांच्या जुन्या आवडत्या लेन्स आहेत.

मग शटर किती वेळ उघडं ठेवायचं? वाटेल तितका वेळ, असं वाटतं. तसं नाही. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. म्हणजे दोन मिनिटांत तारा चंद्राच्या रुंदीएवढा सरकतो. शटर जास्त वेळ उघडं राहिलं तर टिंबाची रेघ होते. यासाठी 'पाचशेचा नियम' म्हणून एक ढोबळ हिशेब आहे. पाचशेला लेन्सच्या लांबीनं भागायचं, येतील तेवढे सेकंद. हे फुल फ्रेमसाठी. एपीएस-सी असेल तर लांबी आधी दीडपट करायची. १८ ची लेन्स असेल तर साधारण अठरा सेकंद, पस्तीसची असेल तर नऊ. हा नियम फिल्मच्या काळातला आहे. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना तो ढिला पडतो, म्हणून आम्ही आलेल्या सेकंदांतले एक तृतीयांश कमी करतो. अठराचे बारा, नवाचे सहा. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. कॅमेरा असा हवा की सेकंद, एफ, आयएसओ आणि फोकस या चारही गोष्टी आपल्या हातानं ठरवता येतील. माझ्या झूमवाल्या कॅमेऱ्यात तोही अडसर होता. आयएसओ वाढवला की तो जास्त सेकंद शटर उघडं ठेवायला तयारच नव्हता. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. माहितीपुस्तिका उघडून बघावं लागतं.

आयएसओ म्हणजे काय, हे रेडिओ ऐकणाऱ्यांना मी सहज सांगू शकतो. लहानपणी रात्री लघुलहरींवर लांबचं स्टेशन लावलं की आवाज बारीक यायचा. बटण फिरवून मोठा केला की गाणंही मोठं आणि खरखरही मोठी. आयएसओ म्हणजे ते बटण. त्यानं प्रकाश वाढत नाही, आलेल्या प्रकाशाचा आवाज वाढतो. लहान सेन्सरमध्ये मुळात गाणंच कमी, म्हणून खरखर जास्त ऐकू येते. वांगणीची माझी रांगोळी ती हीच. सोळाशे ते बत्तीसशे आयएसओला ज्याचा फोटो स्वच्छ येतो तो आपल्या कामाचा कॅमेरा. पेटीवर आयएसओ लाखाच्या घरात लिहिलेला असतो. त्यावर जाऊ नका.

खरखर कमी करायची एक युक्तीही आहे आणि ती मला कवितेपेक्षा सुंदर वाटते. एकाच जागेचे सोळा फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक ठेवून सरासरी काढायची. तारा प्रत्येक फोटोत असतो, तो टिकतो. खरखर दर वेळी वेगळ्या जागी असते, ती मिटत जाते. सोळा फोटोंत ती एक चतुर्थांश होते. सिक्वेटर, डीपस्कायस्टॅकर, सिरिल ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. म्हणजे गरिबाचा कॅमेरा आणि श्रीमंताचा कॅमेरा यांतलं थोडं अंतर चिकाटीनं भरून काढता येतं. मात्र त्यासाठी कॅमेरा 'रॉ' फाइल देणारा हवा. नेहमीच्या जेपेगमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉमध्ये चार हजार ते सोळा हजार. काळोखातले तारे खालच्या काही पायऱ्यांवरच बसलेले असतात. पायऱ्याच नसतील तर संगणकावर उजळवणार काय?

मेगापिक्सेलचं काय, असा प्रश्न हमखास येतो. बारा ते चोवीस पुरेत. सोनीनं २०१४ साली अंधारासाठी नावाजलेला ए-सेव्हन-एस काढला तो बाराच मेगापिक्सेलचा होता. त्याच परातीत कमी वाट्या मांडल्या तर प्रत्येक वाटी मोठी होते, एवढंच.

दुसरा कॅमेरा घ्यायला माझ्याकडे उरले होते बत्तीस हजार. नवीन काही येण्यासारखं नव्हतं. मुलीनं या वेळी मला दुकानात बोलू दिलं नाही. जुना, वापरलेला घ्यायचा, हे तिचंच म्हणणं. आणि ते शहाणपणाचं आहे, कारण कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांचा भर आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे लोक आरशाचे डीएसएलआर काढून टाकतात आणि ते स्वस्त मिळतात. ताऱ्यांना आरसा असला काय अन् नसला काय, फरक पडत नाही. मिररलेसमध्ये अंधारात पडद्यावर जास्त दिसतं, वजन कमी. डीएसएलआरची बॅटरी जास्त टिकते. पैसे असतील तर जुन्यातला फुल फ्रेम बघावा. कॅननचा सिक्स-डी २०१२ चा आणि निकॉनचा डी-७५० २०१४ चा, हे दोन्ही रात्रीच्या कामाला चांगले म्हणून आजही मागणीत आहेत. आम्हाला परवडला तो निकॉनचा डी-५३००. २०१३ चं मॉडेल, एपीएस-सी, चोवीस मेगापिक्सेल. वीस हजारांत कॅमेरा आणि १८-५५ ची लेन्स, आठ हजारांत पस्तीसची एफ १.८, साडेतीन हजारांचा ट्रायपॉड. उरलेल्या पाचशेंत मोठा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

हा डबा कशाला ते मुंबईकरांना सांगायला नको, पण सांगतो. आपल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. जुनी लेन्स घेताना एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर कितीही स्वस्त असो, परत ठेवायची. मग कॅमेऱ्याचं शटर किती वेळा उघडलंय ते विचारायचं. तो आकडा फोटोच्या फाइलमधून काढता येतो. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबानं बनवलेलं असतं. आणि तिसरी परीक्षा दुकानातच घ्यायची. लेन्सला झाकण लावायचं, आयएसओ सोळाशे, शटर तीस सेकंद, आणि फोटो काढायचा. फोटो काळाकुट्ट यायला हवा. लाल-निळे-हिरवे ठिपके थोडे दिसतीलच, पण चांदणं पडल्यासारखे दिसले तर तो सेन्सर थकलेला. मुलगी काउंटरवर झाकण लावून फोटो काढत होती तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, बेबी झाकण काढायला विसरली." मी म्हटलं, नाही हो, ती तेच बघतेय.

काही गोष्टी कागदावरच्या माहितीत कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही, पण अंधारात त्याच महत्त्वाच्या ठरतात. पडदा बाहेर वळणारा आहे का? तारे डोक्यावर असतात. पडदा वळत नसेल तर ओल्या गवतावर पाठ टेकून बघावं लागतं, आणि पन्नाशीनंतर उठताना कोणीतरी हात द्यायला लागतो. फोकस हातानं करता येतो का, आणि पडद्यावर प्रतिमा दहापट मोठी करून बघता येते का? अंधारात आपोआप होणारा फोकस नुसता मागेपुढे भटकतो. आम्ही व्याधावर किंवा एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर कॅमेरा रोखतो, प्रतिमा मोठी करतो आणि ठिपका बारीकात बारीक होईपर्यंत कडं फिरवतो. मग कड्याला चिकटपट्टी लावून टाकतो. बटणांची जागा बोटांना पाठ होण्यासारखी आहे का? टॉर्च लावला की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा अर्धा तास जातो, शिवाय बाकीचे लोक शिव्या घालतात. लाल जिलेटिन लावलेला टॉर्च चालतो.

आमच्या हातातल्या फोनवर तारे ओळखायचं स्टेलेरियम असतं. त्यात रोहिणीच्या जागी अल्देबरान लिहून येतं. अरबीत त्याचा अर्थ मागून येणारा. रोहिणी कोणाच्या मागून येते? कृत्तिकांच्या. आणि कृत्तिकांना अरबी-उर्दूत म्हणतात सुरैया. फोकस जुळवायला मुलीला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात मला असले उद्योग करायला वेळ मिळतो.

फोनबद्दल मी आधी वाईट बोललो, ते थोडं मागे घेतो. गूगलनं २०१९ साली पिक्सेल फोनमध्ये चार मिनिटांपर्यंत एकामागून एक फोटो घेऊन ते जुळवणारी सोय आणली. त्यानंतर इतरांनीही आणली. सेन्सर चिमुकला, पण वर सांगितलेली सरासरीची युक्ती फोन स्वतःच करतो. तुमच्या फोनमध्ये सेकंद आणि आयएसओ ठरवायची सोय असेल तर आधी पाचशे-सातशेचा छोटा ट्रायपॉड घ्या, फोन त्यावर बसवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि दोन-तीन अमावास्या बघा. एवढं करूनही रात्री बाहेर पडायची हौस टिकली तर कॅमेरा. ट्रायपॉडवर मात्र कंजुषी नको. हलका ट्रायपॉड वाऱ्यानं थरथरतो आणि मग वीस हजारांचा कॅमेरा असो की दोन लाखांचा, तारे गांडुळासारखे येतात. आम्ही ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी टांगतो.

दुकानदार आणखी एका गोष्टीची भुरळ घालतात, ती म्हणजे खास खगोलासाठी बनवलेले कॅमेरे. कॅननचा ट्वेंटी-डीए २००५ चा, निकॉनचा डी-८१०ए २०१५ चा. मृगातल्या तेजोमेघासारखे लाल ढग हायड्रोजनच्या ज्या गडद लाल रंगात चमकतात तो रंग साध्या कॅमेऱ्यातली काच बरीचशी अडवते. या खास कॅमेऱ्यांत ती काच बदललेली असते. पहिल्या कॅमेऱ्यासाठी याच्या वाटेला जाऊ नये. दिवसाचे फोटो त्यात लालसर येतात, आणि घरात लग्न निघालं की कॅमेरा तुमच्याच गळ्यात असतो.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की आकाशाचे फोटो काढणं हे कालपरवाचं खूळ आहे. तसं नाही. पुण्यात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला, मुंबई इलाख्यातले पारशी प्राध्यापक. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले आणि तिथून ग्रहणाचे आणि त्याच्या वर्णपटाचे फोटो घेतले. काचेच्या पट्ट्या, जड यंत्रं, आणि खग्रास स्थिती केवळ दोन-अडीच मिनिटांची. पहिला चुकला तर दुसरा घेऊ, ही सोय नाही. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर ती वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यातच पुढे १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. मुंबईकडे खगोल मंडळासारख्या संस्थांनी वांगणीच्या रात्री कित्येक पिढ्यांना दाखवल्या. कॅमेरा घेण्याआधी अशा एखाद्या रात्री जाऊन दुसऱ्यांचे कॅमेरे हाताळून बघावेत. लोक आनंदानं दाखवतात. मी ते आधी केलं असतं तर माझे अठ्ठावीस हजार वाचले असते. मग ईदचा चंद्र राहिला असता, ते वेगळं.

आणि हेही सांगितलं पाहिजे की कॅमेरा कितीही चांगला असो, तो कुठं लावता यावर सगळं आहे. १९९७ च्या मार्च-एप्रिलात मी दहिसरच्या आमच्या जुन्या गच्चीवरून हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता, शेपटीसकट. आज त्याच दहिसरमधून मृगाचे चार कोपरे आणि पट्ट्यातले तीन तारे दिसतात, आणि तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. पूर्वेला नॅशनल पार्कचा काळोख आहे म्हणून तेवढं तरी. उत्तरेला चेकनाक्याचा उजेड, पश्चिमेला खाडीपलीकडे गोराईची बाजू जरा बरी. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे असत. त्यांचा उजेड एकाच रंगाचा, त्यामुळे लेन्सवर काच लावून तो बराचसा गाळता यायचा. आताचे पांढरे एलईडी सगळ्या रंगांत पसरलेले. ते गाळायला गेलं तर तारेही गळतात. म्हणून शहराच्या गच्चीवरून चंद्र, ग्रहांच्या युती, अंतराळ स्थानकाची रेघ, किंवा ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं, एवढंच करावं. वर्तुळांसाठी दहा-दहा सेकंदांचे दोनशे-तीनशे फोटो घेऊन जोडायचे. आकाशगंगेसाठी शहर सोडावंच लागतं. तिचा ठळक भाग वृश्चिक आणि धनू या राशींत आहे. मार्च-एप्रिलात तो मध्यरात्रीनंतर उगवतो, मेमध्ये लवकर, आणि मग पावसाळा येऊन खेळ आटोपतो.

वांगणीचं आकाशही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, असं जुनी मंडळी सांगतात. बदलापूरकडचा उजेड माझ्यासारख्या नवख्यालाही दिसतो. भंडारदरा, जव्हार, कोकणचा किनारा, असं दूर दूर जावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतल्या रस्त्यांवरच्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. खर्चाच्या मानानं पाहिलं तर कोणत्याही लेन्सपेक्षा ही सुधारणा स्वस्त आहे. आमच्या सोसायटीत मी गच्चीच्या दिव्याला वरून झाकण बसवायची सूचना मांडली होती. दोन सभा झाल्या, विषय अजून 'पुढील सभेत' आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेधशाळांच्या नावाचा धूमकेतू आला होता, त्सुचिन्शान-अ‍ॅटलास. उच्चार मुलीकडून तीनदा करवून घेतला. दहिसरहून काही दिसेना. कोजागिरी होऊन गेली, चंद्र उशिरा उगवू लागला, तेव्हा आम्ही दापोलीकडे गावी गेलो. दोन संध्याकाळी ढगांत गेल्या. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर तासाभरानं पश्चिम मोकळी झाली. शुक्र ठळक होता. त्याच्या बरंच वर, उजवीकडे, मला काही दिसत नव्हतं. मुलीनं पस्तीसची लेन्स लावली, एफ २.२, आयएसओ सोळाशे, सहा सेकंद. पडद्यावर एक फिकट पिसारा आला.

अंगणात अम्मा खुर्चीवर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. तिनं विचारलं, काय बघताय एवढं? मी म्हटलं, धूमकेतू. ती म्हणाली, "म्हणजे शेंडेनक्षत्र?" हा शब्द मी तीसेक वर्षांत ऐकला नव्हता. मुलीनं ट्रायपॉडसकट कॅमेरा उचलून तिच्यापुढे आणला आणि पडदा वळवून दाखवला. तिनं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "शेंडी वर आहे, मग तोंड कुठं?" मुलगी सांगू लागली, आजी, शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते, सूर्य आता समुद्राखाली गेला ना, म्हणून ती वर. आजीला पटलं की नाही कोण जाणे. तिनं आणखी एक फोटो काढायला सांगितलं. वीस काढले. एकविसाव्याला बॅटरी संपली, आणि दुसरी बॅटरी मी दहिसरला चार्जरलाच लावून आलो होतो.